आधी उतरायला शिकवू या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पावसाळा सरायच्या आतच तालुका पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक हातात पडते. मधल्या काळात मैदानात पाणी साचलेले असते, घटक चाचण्या तोंडावर आलेल्या असतात आणि संघ तर उभा करायचाच असतो. या घाईत आम्ही क्रीडाशिक्षक मुलांना पळवतो, खेळवतो, भरपूर उड्या मारायला लावतो. मात्र उडी मारल्यानंतर जमिनीवर कसे उतरावे हे बहुतेक शाळांत कोणी शिकवत नाही. ते आपोआप येते असे आपण धरून चाललो आहोत. एका माध्यमिक शाळेत चोवीस वर्षे खो-खो आणि मैदानी खेळ शिकवल्यावर, आणि त्यांतली पहिली बारा-तेरा वर्षे मीही असेच धरून चालल्यावर, या विषयावर आपल्या वाचकांपुढे सविस्तर लिहावे असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी जिल्हा स्पर्धेच्या एका सामन्यात आमच्या संघातील नववीची एक मुलगी संरक्षण करत होती. पाठलाग करणारी खेळाडू तिच्यापासून दोन हात मागे होती. मुलीने खांबाजवळ हुलकावणी दिली, उसळून अंग वळवले, उजवा पाय टेकवला आणि ती तिथेच बसली. कोणाचा धक्का लागला नव्हता, मैदान निसरडे नव्हते, खड्डाही नव्हता. गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर आणि खेळाडू दोघेही ‘एसीएल’ म्हणतात, तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, दहावीचे वर्ष कुबडीवर सुरू झाले आणि खो-खो सुटला तो सुटलाच. मैदानावर सगळे म्हणाले, “पाय वाकडा पडला, नशीब,” आणि मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र मी तिच्या सरावाची वही काढून बसले. तिची उभी उडी किती, लांब उडी किती, तीस मीटर धावायला लागणारा वेळ किती, हे सारे महिन्यावार लिहिलेले होते. ती उतरते कशी, उतरताना तिचे गुडघे आत झुकतात का, एका पायावर तिला किती वेळ स्थिर राहता येते, याची एक ओळही त्या वहीत नव्हती. अशा दुखापतींपैकी बहुतांश दुखापती कोणाच्याही धक्क्याशिवाय, उतरताना किंवा दिशा बदलताना होतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ते ठाऊक करून घेणे हे माझे काम होते.

तेव्हापासून मी या विषयावर जे वाचले, डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून समजून घेतले आणि मुलींबरोबर करून पाहिले, त्याचा गाभा एका शब्दात मावतो. तो शब्द आहे शरीरभान. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, गुडघा किती वाकला आहे, टाचेवर भार आहे की चवड्यावर, हे आपल्याला कळते. इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला स्वतंत्र शास्त्रीय नाव दिले. स्नायूंच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू असतात, स्नायू हाडाला जिथे जोडला जातो तिथे ओढ मोजणारी टोके असतात, सांध्यांच्या भोवती आणि तळपायाच्या कातडीतही अशीच संवेदनाग्रे असतात. या सर्वांकडून येणारी वार्ता मेंदू डोळ्यांच्या आणि अंतर्कर्णाच्या वार्तेशी जुळवतो आणि त्यातून आपला तोल राहतो. एका पायावर उभे राहून डोळे मिटले की घोटा कसा थरथरू लागतो, ते कोणीही घरी करून पाहावे. डोळ्यांची मदत काढून घेतल्यावर उरलेल्या दोघांवर किती काम पडते, ते त्या थरथरीत दिसते.

उभे राहण्याचा तोल आणि खेळतानाचा तोल यांत फार मोठे अंतर आहे. वेगात उसळलेली मुलगी जमिनीवर येते तेव्हा तिच्या पायांवर तिच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणार्धात पडतो. हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या महिला खेळाडूंच्या अशा दहा दुखापतींच्या चित्रफितींचा बारकाईने अभ्यास करून २०१० मध्ये संशोधकांनी असा अंदाज मांडला, की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, गुडघ्यातला बंध तुटतो. डोळ्यांनी काही पाहून त्यावर जाणीवपूर्वक हालचाल करायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. म्हणजे पाय वाकडा पडतो आहे हे मुलीला कळेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते, आणि “सांभाळून उतर गं” ही बाहेरून मारलेली हाक तर त्याहूनही उशिरा पोहोचते. पाय टेकण्याच्या आधीच, ती हवेत असतानाच, मांडीच्या मागचे आणि पुढचे स्नायू, कंबर आणि पोटरी योग्य प्रमाणात आवळलेली असावी लागते. ही पूर्वतयारी विचार करून होत नाही. ती शरीराला सरावानेच शिकवावी लागते. उड्यांच्या प्रशिक्षणाचा तोलाशी जो खरा संबंध आहे तो मला इथे दिसतो.

उड्यांचे प्रशिक्षण म्हणजे पायांत स्प्रिंग बसवणे, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती निराधार नाही. स्नायू आधी ताणला जाऊन लगेच आखडला की तो अधिक जोर देतो. उडी मारण्याआधी आपण नकळत थोडे खाली बसतो ते याचमुळे. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळण्याची पद्धत विकसित केली, आणि पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतील प्रशिक्षक फ्रेड विल्ट यांनी अशा सगळ्या व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले, जे आज शहरांतल्या क्रीडा अकादमींच्या फलकांवरही दिसते. मात्र जो स्नायू जोर देण्यासाठी ताणला जातो, त्याच्याच आत ताण ओळखणारे ते तंतूही असतात. प्रत्येक उडी आणि प्रत्येक उतरणे म्हणजे त्या तंतूंकडून मेंदूला मिळालेला एक धडा असतो. धडा चांगला गिरवला तर उतरण्याची चांगली सवय लागते आणि चुकीचा गिरवला तर चुकीची सवय तितकीच पक्की होते. म्हणून उड्या किती मारल्या यापेक्षा त्या कशा मारल्या आणि कशा संपवल्या, याला महत्त्व आहे.

याला पुरावा काय, असे वाचक विचारतील आणि त्यांनी तसे विचारावेच. अमेरिकेत टिमोथी ह्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शालेय व्हॉलीबॉल खेळणाऱ्या ११ मुलींना सहा आठवडे उड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यात उतरण्याच्या तंत्रावर भर ठेवला. सहा आठवड्यांनंतर या मुलींच्या उतरतानाच्या आघाताचा कमाल जोर २२ टक्क्यांनी घटला आणि गुडघ्याला आत-बाहेर ढकलणारा जोर साधारण निम्म्यावर आला. त्याच वेळी त्यांची उडी उंचही झाली, म्हणजे मऊ उतरायला शिकवल्याने खेळ मंदावतो ही आम्हा शिक्षकांची भीती खरी ठरली नाही. याच गटाने १९९९ मध्ये १२६३ शालेय खेळाडूंचा मागोवा घेतला, तेव्हा प्रशिक्षण न घेतलेल्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचे प्रमाण प्रशिक्षित मुलींच्या ३.६ पट आढळले. नॉर्वेत १३ ते १७ वयोगटातील १८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आणखी मोठा होता. तिथे सरावाच्या सुरुवातीला वीसेक मिनिटांचा जो ठरावीक व्यायाम दिला गेला, त्यात धावणे, ताकद, तोल आणि उड्या हे सारे होते. ज्या संघांनी तो घेतला, त्यांच्यातील गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या.

हे आकडे वाचून उड्यांना रामबाण ठरवण्याची घाई मात्र कोणी करू नये. नॉर्वेतील यशाचे श्रेय एकट्या उड्यांचे नाही. २००६ मध्ये शालेय मुलींच्या दोन गटांची तुलना झाली होती. एका गटाला उड्या शिकवल्या गेल्या आणि दुसऱ्याला उड्यांशिवाय केवळ तोलाचे व्यायाम दिले गेले. एका पायावर उतरल्यावर अंग डावी-उजवीकडे किती डोलते हे मोजले, तेव्हा सुधारणा दोन्ही गटांत दिसली. माझ्या समजुतीने याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन्ही प्रकार एकत्र द्यावेत. या विषयावरील बहुतेक अभ्यास सहा ते बारा आठवड्यांचे आणि लहान गटांवरचे असतात. शिवाय प्रयोगशाळेत गुडघ्याचा कोन डोळे मिटून ओळखणे वेगळे, आणि मैदानावर मागून ‘खो’ ऐकताच उठून नेमक्या दिशेला झेपावणे वेगळे. तरीही एवढे म्हणण्याइतका आधार नक्की आहे की नीट शिकवलेल्या उड्यांमुळे वाढत्या वयातील खेळाडूंचा हालचाल करतानाचा तोल सुधारतो आणि उतरताना सांधे अधिक सुरक्षित राहतात.

वाढत्या वयाचा उल्लेख मी मुद्दाम केला. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. हाडे आधी लांबतात, स्नायूंची ताकद मागाहून येते, आणि मेंदूत शरीराचा जो नकाशा तयार झालेला असतो तो काही महिने जुना ठरतो. पाचवीत सराईतपणे उड्या मारणारी मुले सातवी-आठवीत एकाएकी धडपडू लागतात, पेले सांडतात, उंबऱ्याला अडखळतात. घरी त्यावरून “लक्ष कुठे असते तुझे?” अशी बोलणी बसतात आणि मैदानावर ‘ढिला पडला’ असा शेरा मिळतो. खरे तर त्या मुलाचे पाय त्याच्या ओळखीचे राहिलेले नसतात आणि ती ओळख नव्याने करून देणे हे आमचे काम असते. चौदा आणि सतरा वर्षांखालील शालेय गट नेमके याच वयाचे आहेत. ज्या वयात शरीर सर्वांत अनोळखी झालेले असते, त्याच वयात आपण स्पर्धेचा सर्वाधिक भार टाकतो.

मुलींच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, आणि तो मला अधिक बोचतो. उसळण्याच्या व दिशा बदलण्याच्या खेळांत एसीएलची दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक वेळा होते. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण दुपटीपासून आठपटीपर्यंत सांगितले गेले आहे. शरीररचना हे त्याचे एक कारण आहे, पण ते बदलणे आपल्या हाती नाही. बदलणे हाती आहे ते सवयींचे, आणि तिथेच आपण उलट दिशेला चाललो आहोत. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की “आता मोठी झालीस, उड्या मारू नकोस” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. तिचा भाऊ त्या वयात झाडावरून, कट्ट्यावरून, ओढ्यावरून उड्या मारत शेकडो वेळा उतरायला शिकत असतो, आणि ती तीन-चार वर्षे जवळजवळ उतरतच नाही. मग नववीत चपळ मुलगी म्हणून आम्ही तिला संघात घेतो आणि थेट मैदानात सोडतो. पाळीच्या दिवसांत किंवा एकूणच उड्यांनी मुलींच्या शरीराला अपाय होतो, या समजुतीला आधार नाही. उड्यांनी उंची खुंटते किंवा भराभर वाढते, या दोन परस्परविरोधी समजुतींनाही नाही.

आणि ही मनाई आपल्या परंपरेतून आली आहे असेही म्हणता येणार नाही. मंगळागौरीला माझी आजी पन्नाशीतही बसफुगडी घालत असे. उकिडवे बसून एकामागून एक पाय पुढे फेकत, तोल न जाऊ देता, श्वास सांभाळत चालणारा तो खेळ मी आज संघातल्या मुलींकडून करून घेते, तेव्हा निम्म्या मुली चार पावलांत मागे कलंडतात. फुगडीत गरगर फिरून थांबल्यावर अंतर्कर्ण सावरावा लागतो. ठिकरीच्या चौकोनांतून एका पायावर जाताना रेघेवर पाय पडू द्यायचा नसतो, म्हणजे उतरण्याची जागाही नेमकी साधावी लागते. मल्लखांबात तर ‘तोल’ हा कसरतींचा स्वतंत्र प्रकारच मानला जातो. आणि लंगडी. एका पायावर उसळत, दुसरा पाय न टेकवता, पाय न बदलता, पळणाऱ्या गड्याच्या मागे वळणे घ्यायची, पुढे झुकून त्याला बाद करायचे आणि पुन्हा त्याच पायावर सावरायचे. परदेशी पुस्तकांत एका पायावरील उड्यांचे जे व्यायाम चित्रांसह दिलेले असतात, त्यांतले बरेचसे लंगडीत आधीपासून आहेत. भर घालायची ती एवढीच, की लंगडी दोन्ही पायांवर सारखी खेळवावी, कारण मुले आपल्या आवडत्या पायावरच खेळतात आणि दुबळा पाय दुबळाच राहतो.

आता आमच्या शाळेत हे कसे चालते ते सांगते, कारण यासाठी पैसे किंवा साहित्य लागते असा अनेक सहकाऱ्यांचा समज आहे. आमच्याकडे एक लांब व्हरांडा, खडू आणि एक मोजपट्टी आहे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून, सरावाच्या सुरुवातीला मुली ताज्या असताना आम्ही पंधरा-वीस मिनिटे देतो. पहिले दोन आठवडे उंच उडीच नसते. चवड्यांवर उभे राहायचे, एकदम खाली बसते व्हायचे आणि तिथेच पुतळ्यासारखे तीन अंक मोजेपर्यंत थांबायचे. कंबर मागे, छाती किंचित पुढे, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. माझी मुख्य सूचना एकच असते: आवाज करू नका. जी मुलगी धप्पकन उतरते, तिच्या गुडघ्यांनी आणि घोट्यांनी वाकून भार वाटून घेतलेला नसतो. तो आवाज तिला स्वतःलाही ऐकू येतो आणि पुढच्या उडीत ती आपणहून बदल करते. शरीरभान शिकवण्याचे याहून सोपे साधन मला मिळालेले नाही. त्यानंतर जागच्या जागी लहान उडी, पुढे, बाजूला, मग हवेत पाव वळसा घेऊन, आणि दोन्ही पायांवर हे जमले की एका पायावर. प्रत्येक उडीनंतर थांबणे आलेच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लंगडी, ठिकरीचे चौकोन, आणि पाठीमागून ‘खो’ ऐकताच उठून ठरलेल्या खुणेवर झेपावून थांबणे. सुरुवातीला एका दिवसात पाय पन्नास-साठ वेळांपेक्षा जास्त टेकत नाहीत. पायरी वापरलीच तर ती वीतभर उंचीची.

मोजण्यासाठी खडूने जमिनीवर तीन रेघा काढतो, एक समोर आणि दोन मागे तिरक्या. मुलगी त्या रेघा मिळतात तिथे एका पायावर उभी राहते आणि दुसऱ्या पायाचा अंगठा प्रत्येक रेघेवर, तोल न जाऊ देता, जितका लांब नेता येईल तितका नेते. शालेय बास्केटबॉल खेळाडूंवर २००६ मध्ये झालेल्या अभ्यासात, समोरच्या दिशेला डाव्या व उजव्या पायाच्या पोहोचीत ४ सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक असणाऱ्या खेळाडूंना पायाची दुखापत होण्याची शक्यता अडीच पट आढळली होती. आमची मोजणी हे संशोधन नाही आणि तसा माझा दावाही नाही. पण फरक जास्त असलेल्या मुली मला हंगामाच्या आधी कळतात, त्यांना एकदम पूर्ण सामना न देता दुबळ्या पायावर अधिक काम देता येते, आणि महत्त्वाचे म्हणजे मुलींना स्वतःला ते कळते. आपला डावा पाय उजव्यासारखा नाही, हे आठवीतल्या मुलीने मोजपट्टीवर पाहणे ही शरीराची ओळख होण्याची सुरुवात असते.

याच संदर्भात मुरगळलेल्या घोट्याविषयी लिहिणे भाग आहे. आपल्याकडे घोटा मुरगळला की आंबेहळद-तुरटीचा लेप लागतो, चार दिवसांत सूज उतरते आणि पाचव्या दिवशी खेळाडू मैदानावर येतो. सूज उतरली म्हणजे घोट्याचे भान परत आले असे नाही. ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते, की मुरगळल्यानंतर काहींचा घोटा वारंवार दगा देतो त्यामागे बंधांमधील संवेदनाग्रांना झालेली इजा हे कारण असू शकते, आणि डगमगत्या फळीवर तोल सावरण्याच्या सरावाने हा त्रास कमी होतो. साठ वर्षांपूर्वीची ही माहिती अजून आपल्या शालेय मैदानांवर पोहोचलेली नाही. ज्या मुलाचा तोच घोटा हंगामात दुसऱ्यांदा मुरगळतो, त्याला आपण ‘नाजूक’ म्हणतो; त्याला त्या पायावर उभे राहायला, मग हलके उतरायला आणि शेवटी उसळायला कोणी क्रमाने शिकवलेले नसते.

उड्यांचा अतिरेक हाही तितकाच खरा धोका आहे. मैदानाला दहा फेऱ्या आणि शंभर बेडूकउड्या ही उशिरा येणाऱ्यांची शिक्षा अनेक ठिकाणी आजही चालते, आणि मीही पूर्वी ती दिलेली आहे. थकलेल्या पायांनी, पूर्ण बसून, गुडघे आत कोसळत मारलेली प्रत्येक बेडूकउडी मेंदूला चुकीचाच धडा देते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे तर आपण जाणतोच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जे आपण कौशल्य म्हणून शिकवू पाहतो तेच शिक्षा म्हणून देणे मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला काही शहरी अकादमींत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कमरेएवढ्या खोक्यांवरून खाली उड्या टाकायला लावून त्याच्या चित्रफिती पालकांना पाठवल्या जातात. ताकद कमावलेल्या प्रौढ खेळाडूंसाठी तयार झालेला तो व्यायाम वाढीच्या वयातील मुलांना देण्याचे काही कारण नाही. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येणे किंवा टाच सतत दुखणे, ही या वयात उड्यांचा भार जास्त झाल्याची खूण असते. अशा वेळी ‘सहन कर’ न म्हणता उड्या थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

खो-खोपुरता आणखी एक मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या महिला व पुरुष दोन्ही संघांनी विजेतेपद पटकावले. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्यानंतर गावोगावच्या मुली आमच्याकडे नव्या उमेदीने येऊ लागल्या, याचा मला अतिशय आनंद आहे. ती स्पर्धा मॅटवर झाली आणि वरच्या पातळीवर खेळ आता मॅटवरच चालतो, तर ग्रामीण शाळांतील मुली वर्षभर मातीवर खेळतात. मातीवर पाय टेकताना किंचित घसरतो आणि वळताना गुडघ्यावरचा पीळ थोडा सैल होतो. मॅटवर बूट पकडून धरतो आणि तो पीळ सरळ गुडघ्यात जातो. मातीची सवय असलेल्या मुलीला निवड चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उतरवणे योग्य नाही. प्रत्येक तालुक्याला मॅट मिळेल तेव्हा मिळेल, पण जिल्हा संकुलात जिथे ती आहे, तिथे स्पर्धेआधी किमान काही दिवस शालेय संघांना सरावाची संधी द्यावी, आणि त्या पहिल्या दिवशी सामना न खेळवता फक्त उतरण्याचा व वळण्याचा सराव घ्यावा.

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाला माझी विनंती आहे, की क्रीडाशिक्षकांच्या प्रशिक्षणात नियमांच्या बदलांइतकाच वेळ उतरण्याच्या तंत्राला आणि तोल मोजण्याच्या साध्या पद्धतींना द्यावा, आणि हे प्रशिक्षण ऐन स्पर्धांच्या तोंडावर न ठेवता उन्हाळी सुट्टी संपण्यापूर्वी ठेवावे, म्हणजे पहिल्या सामन्याआधी सहा-आठ आठवडे हाती राहतील. मुख्याध्यापकांना विनंती, की पावसामुळे मैदान बंद असले म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊ नये. या कामाला व्हरांडा पुरतो. आणि पालकांना विनंती, की मुलीला उड्या मारताना पाहिल्यावर तिला थांबवण्याऐवजी ती कशी उतरते ते पाहावे.

ज्या मुलीपासून हे सारे सुरू झाले, ती आता कामाच्या गावी असते आणि सुट्टीत आली की व्हरांड्यात येऊन बसते. गेल्या दिवाळीत सातवीच्या मुली खडूच्या चौकोनांतून जात असताना तिने एकीला थांबवून सांगितले, “गुडघा आत येतोय तुझा, परत कर.” राज्यातील ज्या शिक्षकांनी लंगडी, बसफुगडी किंवा दोरीच्या उड्यांचा असा हेतुपूर्वक वापर केला असेल, त्यांनी आपले अनुभव, फसलेले प्रयोगही, याच स्तंभात लिहून कळवावेत. यंदाच्या मुलींसाठी मला ते वापरायचे आहेत.

आपली नम्र,
एका माध्यमिक शाळेतील क्रीडाशिक्षिका,
जि. सातारा